टायर पॉलिश: दोन दिवसांत न उतरणारी चमक घरच्या घरी

इंदुरातल्या कुठल्याही वॉशिंग सेंटरमधून गाडी बाहेर पडते तेव्हा टायर काळेभोर, ओले-ओले दिसत असतात. विजयनगरहून राजवाड्यापर्यंत एक चक्कर झाली की मागच्या दरवाज्याच्या खाली तेलकट काळे ठिपके उमटतात आणि दोन-तीन दिवसांत टायर होते तसे तपकिरी. मग माणूस पुढच्या वेळी महागातली बाटली आणतो, दुप्पट फासतो, आणि ठिपकेही दुप्पट होतात.

नवी गाडी घेतलेल्या भाच्या-पुतण्यांना मी जे तोंडी सांगत आलोय ते इथे क्रमाने लिहितो. पॉलिश किती दिवस टिकणार हे टायर धुतानाच ठरतं, बाटलीचा नंबर त्यानंतर लागतो. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट पाचव्या पायरीवर जावं.

१. टायर तपकिरी का होतो, ते आधी समजून घ्या

रबराला काळा रंग येतो तो कार्बन ब्लॅकमुळे. हवेतल्या ओझोनने रबराला बारीक तडे जातात, म्हणून टायर बनवतानाच त्यात ओझोनपासून वाचवणारी रसायनं आणि मेण घातलेलं असतं. गाडी चालते, टायर दबतो, पुन्हा फुगतो, तशी ही द्रव्यं हळूहळू आतून वर येत राहतात आणि हवा लागून तपकिरी पडतात. तेव्हा तपकिरी टायर म्हणजे खराब टायर असं समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. टायर स्वतःची काळजी घेतोय, त्याची ती खूण आहे.

नव्याकोऱ्या टायरवर तर साच्यातून सुटून यावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंशही असतो. त्यात रस्त्यावरची धूळ, ब्रेकची भुकटी आणि मागच्या चार वेळच्या पॉलिशचे थर मिसळतात. या सगळ्यावर नवं पॉलिश लावलं तर ते रबराला धरतच नाही, मळाला धरतं. मळ सुटला की पॉलिशही त्याच्याबरोबर जातं.

२. कुठलं पॉलिश घ्यायचं

दुकानात पन्नास बाटल्या दिसल्या तरी जाती मुळात तीनच.

पहिली, पाण्यातलं पॉलिश. हे बहुधा दुधासारखं पांढरं असतं. सिलिकॉन पाण्यात मिसळून केलेलं. एका थराला टायर नव्यासारखा गडद काळा दिसतो, फार चकाकत नाही. दुसऱ्या थराला चमक चढते. वाळल्यावर हाताला चिकटत नाही, त्यामुळे धूळही कमी बसते. साधारण आठवडा ते दोन आठवडे टिकतं.

दुसरी, सॉल्व्हंटमधलं, म्हणजे पेट्रोलजन्य द्रावकातलं. पारदर्शक, तेलकट, जेल किंवा स्प्रेच्या रूपात. झाकण उघडलं की रॉकेलसारखा वास येतो आणि लेबलवर पेट्रोलियम डिस्टिलेट असा उल्लेख किंवा ज्वालेचं चिन्ह असतं. चमक जबरदस्त, पावसालाही लवकर दाद देत नाही, नीट लावलं तर तीन-चार आठवडे जातात. पण ठिपके उडवण्यात आणि धूळ धरण्यातही हेच पुढे.

तिसरी, टायर कोटिंग. पॉलिमर किंवा सिरॅमिक जातीचं, रबरावर कडक होणारं. काही महिने टिकतं, किंमतही तशीच. याला टायर अगदी निर्मळ लागतो. थोडा जरी जुना तेलकटपणा राहिला तर पापुद्रे सुटतात आणि टायरवर डाग-डाग दिसतात. पहिल्याच वेळी याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

सॉल्व्हंटने टायर खराब होतो का, यावर दोन तट आहेत. टायर कंपन्या विचाराल तर सौम्य साबण आणि पाणी यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि पेट्रोलजन्य पदार्थ रबरापासून लांब ठेवा म्हणतात. नावाजलेल्या कंपनीचं जेल महिन्यातून एकदा पातळ लावलं तर टायर लगेच फुटतो असंही नाही. पण मालव्यातला मे महिना, उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि वर तेलकट थर हे त्रिकूट मला पसंत नाही. म्हणून नवख्या माणसाने पाण्यातलं घ्यावं आणि दोन थर द्यावेत. घरात लग्न आहे, वरातीची गाडी आपलीच आहे, तर जेल आणा. मेगुइअर्सचं जांभळं एन्ड्युरन्स जेल अशा ओल्या चमकेसाठीच ओळखलं जातं. एरवी ३एम, टर्टल वॅक्स, सोनॅक्स किंवा आपल्याकडचं वेव्हेक्स, कुठलंही चालेल. लेबल नसलेल्या कॅनमधलं सुट्टं पॉलिश मात्र नको. वॉशिंग सेंटरवाले पाच-पाच लिटरचे कॅन घेतात ते त्यांच्या सोयीसाठी. त्यात काय आहे हे त्यांनाही ठाऊक नसतं.

स्प्रेच्या डब्याबद्दल एकच सांगतो: टायरवर थेट मारू नका. फवारा जाळीतून आत शिरतो आणि ब्रेकच्या डिस्कवर बसतो. डिस्कवर सिलिकॉन म्हणजे ब्रेक दाबल्यावर गाडी न थांबणं. फवारायचं ते स्पंजवर.

३. टायरला हे लावू नका

डिझेल, रॉकेल, इंजिनातून काढलेलं काळं ऑइल, ग्रीस. लावल्या-लावल्या टायर झकास दिसतो, म्हणूनच लोक फसतात. पेट्रोलजन्य तेल रबरात मुरतं, रबर फुगतं, मऊ पडतं आणि पुढे त्याला भेगा जातात. वॉशिंग सेंटरमध्ये मुलगा विचारतो, ‘भिया, नीचे डीजल मार दूँ?’ गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला मारायचं म्हणतो, पण फवारा टायरवर, रबरी बुशांवर, सगळीकडे बसतो. सरळ नाही म्हणा.

घरगुती उपायांपैकी ग्लिसरीनने रबराचं नुकसान होत नाही, पण ते पाण्यात विरघळतं. पहिल्या सरीला गेलं, आणि तोवर धूळ चिकटवून ठेवणार. खोबरेल तेल, बूट पॉलिश हेही नकोच. स्वयंपाकघरातल्या गोष्टी स्वयंपाकघरात राहू द्या.

४. सामान

- टायर क्लीनर, किंवा ऑल पर्पज क्लीनर म्हणून मिळतो तो. टायरसाठी साधारण एक भाग क्लीनर, चार भाग पाणी. लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर ते खरं.
- कपडे घासायचा राठ नायलॉनचा ब्रश. वेगळा महागाचा टायर ब्रश नसला तरी अडत नाही. तारेचा ब्रश आणि भांड्यांची तारेची घासणी वर्ज्य.
- दोन बादल्या, एक मग.
- दोन जुने मायक्रोफायबर किंवा सुती कपडे. हे फक्त टायरचे. गाडीच्या रंगाला परत कधी लावायचे नाहीत, म्हणून गाठ मारून वेगळे ठेवा.
- पॉलिश लावायचा स्पंज. टायरच्या वळणाचा खोलगट मिळतो, तो बरा. भांड्यांचा नवा स्पंज अर्धा कापूनही काम होतं.
- अक्षरांच्या खाचांसाठी रंगकामाचा एक इंची जुना ब्रश.
- रबरी हातमोजे आणि जुना पेपर. पोर्चमध्ये कोटा किंवा टाइल असेल तर पेपर अंथराच. पॉलिशचे दोन थेंब फरशीवर पडले तर घरातलं कुणीतरी घसरणार.

५. टायर धुणं: निम्म्याहून जास्त वेळ इथे द्या

जागा सावलीतली आणि टायर थंड हवा. गाडी फिरवून आणली असेल तर अर्धा-पाऊण तास उभी राहू द्या, मग टायरला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम लागला तर थांबा. गरम रबरावर क्लीनर वाळून बसतो आणि त्याचेच डाग पडतात.

आधी नुसत्या पाण्याने माती उतरवा. आपल्याकडची काळी माती चिकट असते. पावसाळ्यात राऊ किंवा बायपासच्या बाजूने कच्च्या रस्त्यावर जाऊन आलात तर चाकाच्या वरच्या कमानीत तिचे गोळे बसलेले असतात. ते काढले नाहीत तर धुतलेल्या टायरवर पुढे पाऊण तास चिखल ठिबकत राहतो.

मग एका वेळी एकच टायर घ्या. क्लीनर मारा, मिनिटभर मुरू द्या, वाळू देऊ नका, आणि ब्रशने गोल-गोल घासा. पहिला फेस चहाच्या रंगाचा निघेल. पाणी टाका, पुन्हा क्लीनर, पुन्हा ब्रश. फेस पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवायचं. पांढरा फेस हाच पुरावा, दुसरा कुठलाही नाही. कधीच न धुतलेल्या टायरला तीन-चार फेऱ्या लागतात. बहुतेक लोक पहिल्या फेरीनंतर ‘झालं की’ म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात पॉलिशला नावं ठेवतात.

रिमसाठी बाथरूमचं ॲसिड वापरू नका. ॲलॉय व्हीलवर त्याचे कायमचे पांढरट डाग पडतात. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियम खातो. वर सांगितलेला क्लीनर आणखी थोडा पातळ करून रिमला चालतो, पण तोही वाळू न देता लगेच धुवायचा.

पाण्याबद्दल दोन शब्द. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून ७० किलोमीटरच्या आसपास आणि डोंगर चढवून आपल्या नळाला येतं, तेही बऱ्याच भागांत दिवसाआड. ते पाइपने रस्त्यावर सोडणं जिवावर येतं. बादली आणि मग घेऊन बसलात तर दोन बादल्यांत चारही टायर नीट होतात. बोअरिंगचं पाणी वापरायला हरकत नाही, पण अनेक कॉलन्यांतलं बोअरिंग जड आहे. ते टायरवर आपोआप वाळलं की पांढरी पुटी धरते, आणि पॉलिशखाली ती करडी दिसते. त्यावर इलाज पुढच्या पायरीत.

६. पुसणं, वाळवणं, आणि याच वेळी टायर तपासणं

पाणी टाकल्या-टाकल्या कपड्याने टिपून घ्या. अक्षरांच्या खाचा, रिम आणि रबर मिळतात ती फट, व्हॉल्व्हचा भाग, इथे पाणी लपतं. ओल्या रबरावर पॉलिश लावलं की ते पाण्यात पातळ होतं आणि ओघळतं. पुसल्यावरही वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या, थंडीत थोडी जास्त. कुणी म्हणतं, एक चक्कर मारून आणा, वाऱ्याने वाळेल. इंदुरातल्या रस्त्यावर चक्कर मारली तर वाळतं खरं, पण धुळीसकट.

रबर इतकं स्वच्छ एरवी कधी दिसत नाही, तेव्हा टायरवर एकदा नीट नजर फिरवा. बाजूला कुठे फुगा आलाय का, भेगा आहेत का, खिळा रुतलाय का. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. पाच वर्षं उलटली असतील तर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावा. नक्षीची खोली कारच्या टायरला कायद्याने किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. भेग पडलेल्या टायरवर पॉलिश लावून भेग झाकते, भरत नाही. जुनी गाडी बघायला जाल तेव्हाही हे ध्यानात ठेवा. विकणारा टायर चमकवतोच, तुम्ही वाकून नक्षी आणि ते चार आकडे बघा.

७. पॉलिश लावणं

पॉलिश स्पंजवर घ्या, एका टायरला चहाचा एक चमचाभर पुरतं. रुंद टायर असेल तर दीड. आधी स्पंज दोन-तीन ठिकाणी टेकवून घ्या म्हणजे एकाच जागी गोळा होत नाही, मग टायरच्या गोलाईने पसरवत जा. अक्षरांत छोट्या ब्रशने. थर इतका पातळ की ओला दिसावा पण कुठेही पांढरं किंवा साचलेलं दिसू नये.

जिथे टायर जमिनीला टेकलेला असतो तिथला भाग सुटतो. चारही टायर झाले की गाडी अर्धं चाक पुढे घ्या आणि राहिलेला तुकडा पूर्ण करा. हे विसरलं की प्रत्येक टायरवर एक मळका चंद्र उरतो.

रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर आणि तिच्या कडेच्या ठोकळ्यांवर पॉलिश अजिबात नको. काही वॉशिंग सेंटरमध्ये नक्षीसुद्धा काळी करून देतात, दिसायला छान म्हणून. सिलिकॉन निसरडं असतं. पहिल्या वळणावर, पहिल्या ब्रेकला त्याचा हिशेब होतो.

स्टिअरिंग, पेडल, पायाखालचे मॅट यांनाही उरलेला स्पंज फिरवायचा मोह टाळा.

८. थांबणं आणि पुसून घेणं

ही पायरी लोक गाळतात, आणि दरवाज्यावरचे ठिपके इथूनच येतात. थर लावून १५-२० मिनिटं झाली की कोरड्या कपड्याने टायर हलक्या हाताने पुसा. रबराने जे घेतलं ते घेतलं, वर जे तरंगतंय ते चाक फिरायला लागलं की उडणारच. पुसल्याने चमक थोडी उतरते. ती परत हवी असेल तर दुसरा पातळ थर द्या, पुन्हा तेवढंच थांबा, पुन्हा पुसा. एक जाड थर आणि दोन पातळ थर यांत दिसायला पहिल्या दिवशी फरक नसतो, चौथ्या दिवशी असतो.

त्यानंतर निदान तासभर गाडी हलवू नका. सॉल्व्हंटचं जेल असेल तर संध्याकाळी लावून रात्रभर उभी ठेवणं उत्तम. बोट फिरवल्यावर काळं लागलं तर अजून पुसायचं बाकी आहे.

एवढं करूनही ठिपके उडालेच तर ताजे असताना गाडीच्या शाम्पूने धुवा, निघतात. कोरड्या कपड्याने घासू नका. त्यात धूळ असते, रंगावर चरे पडतात.

९. इंदूरच्या हवामानाचं वेळापत्रक

एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा: सकाळी ऊन चढायच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. पाण्यातलंच पॉलिश. उन्हाळ्यातली धूळ तेलकट टायरवर बसली की काळ्याचा राखाडी होतो.

पावसाळा: इथे माझं मत लोकांना पटत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला पॉलिश लावणं फुकटचा खर्च आहे. माती धुवा, पुसा, पुरे. लावायचंच तर सलग दोन दिवस उघाड बघून लावा.

दसरा: पूजेच्या आदल्या संध्याकाळी लावा, सकाळी नको. ओल्या पॉलिशवर हळद-कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या चिकटतात आणि टायरखाली लिंबू चिरडलं जातं तेव्हा त्याचा रसही उडतो. रात्रभर वाळलेल्या थरावरून हे सगळं ओल्या कपड्याने निघतं.

रंगपंचमी: राजवाड्याच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, आधीच्या दोन-तीन दिवसांत पॉलिश लावू नका. गुलाल आणि रंग तेलकट पृष्ठभागावर पक्का बसतो. गेर होऊन जाऊ द्या, गाडी धुवा, मग टायरचं बघा.

१०. पुढची देखभाल

दर वेळी क्लीनरने खरवडून धुवायची गरज नाही. आठवड्याला गाडी धुताना टायरही शाम्पूच्या पाण्याने ब्रश करा. पाणी टायरवर थेंब धरून ओघळत असेल तर थर शिल्लक आहे. पाणी पसरून रबर भिजलेलं दिसू लागलं की नवा थर द्यायची वेळ झाली. पूर्ण धुलाई, पांढऱ्या फेसापर्यंतची, तीन-चार वेळा पॉलिश झाल्यावर एकदा.

बाटली सावलीत ठेवा, उन्हात तापणाऱ्या डिकीत नको. सॉल्व्हंटची असेल तर देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब. त्यात भिजलेले कपडे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा.

गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाणार असेल तर त्या आठवड्यात टायरला सिलिकॉनचं काहीही लावू नका आणि आधी लावलं असेल तर पेंटरला सांगा. पत्र्यावर सिलिकॉनचा अंश राहिला की नवा रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पाडतो, आणि मग त्याचं म्हणणं असतं की पत्रा खराब, तुमचं म्हणणं असतं की रंग खराब.

स्कूटर आणि मोटरसायकलच्या टायरला यातलं काहीच लावायचं नाही, बाजूलासुद्धा नाही. दुचाकी वळताना झुकते आणि टायरची कडच रस्त्याला टेकते. तिचे टायर साबण-पाण्याने धुवा आणि तसेच राहू द्या. कारचं काम झाल्यावर उरलेला स्पंज घेऊन पोरं ॲक्टिव्हाकडे वळतात, तेवढं लक्ष ठेवा.